पाण्यात फॉस्फेट नगण्य, तरी मालगुजारी तलाव दरवर्षी हिरवा कसा होतो?

तलावकाठ :

नमस्कार. आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात आहे आणि गावाला लागूनच एक जुना मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) सिंचनासाठी बांधलेला तलाव, आहे. तुडुंब भरला की त्याचा पसारा पंचवीस एकरांच्या आसपास होतो, पण खोली बेताचीच. पाळीजवळ दोन मीटर आणि वरच्या अंगाला जेमतेम गुडघाभर. तलाव भरतो तो सर्वस्वी पावसावर. ऑगस्टअखेर सांडव्यावरून पाणी जाते, धान निसवण्याच्या वेळेस पावसाने ओढ दिली की नहराने बांध्यांना (बांध घातलेल्या धानाच्या शेतांना) पाणी सुटते, दिवाळीनंतर पाणी मागे हटू लागते आणि मे महिन्यात पाणी सोडायच्या दारापाशी एक डबके तेवढे उरते.

गेल्या काही वर्षांपासून जानेवारी उजाडला की पाणी हिरवट होऊ लागते. मार्चमध्ये सकाळी पाळीच्या ज्या बाजूला वारा लागतो तिथे तेलरंग सांडल्यासारखा दाट हिरवा थर जमतो, त्याला कुबट वास येतो आणि दुपारपर्यंत तो काठाला वाळून निळसर पडतो. मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस आभाळ भरून आले होते, त्यानंतरच्या पहाटे बरीच मासळी उलटी होऊन तरंगत होती. गावातील काहींचे म्हणणे असे की धानाला टाकलेले डीएपी आणि युरिया वाहून तलावात येतात, त्याचाच हा परिणाम आहे. म्हणून आम्ही फेब्रुवारीत पाण्याचा नमुना तपासून घेतला. अहवालात विद्राव्य फॉस्फेट नगण्य आणि नायट्रेटही अगदी कमी निघाले. त्यामुळे आता दुसरा पक्ष म्हणतो की खताचा काही संबंध नाही, हा केवळ उष्णतेचा परिणाम आहे आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला की प्रश्न मिटेल.

माझे प्रश्न असे : पोषकद्रव्ये जर पाण्यात नाहीत तर हे शेवाळ कशावर वाढते? ते पावसाळ्यात, म्हणजे खत टाकण्याच्या दिवसांत, का दिसत नाही? आणि गुरांना हे पाणी पाजावे की नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


सूक्ष्मदर्शी :

कारणांकडे वळण्याआधी हा थर नेमका कशाचा आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण लोक ज्याला सरसकट शेवाळ म्हणतात त्यात परस्परांपासून फार वेगळे असलेले जीव येतात. काठीने थर उचलून पाहावा. केसांसारखे लांब धागे काठीला लोंबू लागले तर ते स्पायरोगायरासारखे धाग्यांचे हिरवे शैवाल असते आणि ते सहसा विषारी नसते. धागे न येता काठीला रंग लावल्यासारखा लेप राहिला तर दुसरी चाचणी करावी. हातमोजे घालून पारदर्शक बाटली पृष्ठभागाच्या थोड्या खालून भरावी, न हलवता सावलीत काही तास उभी ठेवावी. हिरवा भाग वर येऊन मानेशी जमला तर ते बहुधा नीलहरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तळाशी बसला किंवा पाण्यात सारखाच विखुरलेला राहिला तर साध्या हिरव्या शैवालाची शक्यता अधिक. नीलहरित शेवाळाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते तरंगते. आणखी एक प्रकार ध्यानात ठेवावा : थर भर उन्हात विटकरी लाल आणि संध्याकाळी पुन्हा हिरवा दिसत असेल तर तो युग्लीनाचा असतो.

या दोन्ही चाचण्या करून निष्कर्ष इथे कळवावा. तोवर थर जमलेल्या बाजूला गुरे पाण्यावर नेऊ नयेत.


तलावकाठ :

दोन्ही चाचण्या केल्या. काठीला धागे आले नाहीत, लेप राहिला. बाटलीतील हिरवा भाग रात्रभरात पूर्णपणे वर जमला आणि त्याखालचे पाणी जवळजवळ स्वच्छ दिसू लागले. थरात रव्याएवढे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रंग दिवसभरात बदलत नाही.

आधी सांगायचे राहिले ती एक गोष्ट : पूर्वी या तलावात कमळे होती आणि पाण्याखाली दाट पाणगवत असे; पोहणाऱ्याच्या पायात गुंतायचे. ज्यांनी मासेमारीचा ठेका घेतला त्यांनी जाळे अडकते म्हणून गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला. आता पाण्यात एकही वनस्पती उरलेली नाही, काठावर बेशरम तेवढी माजली आहे.


जलरसायन :

रव्यासारखे कण आणि वर येणारा थर ही मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाची खूण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करून घ्यावीच, पण पुढचे लिहिताना मी तेच गृहीत धरतो.

आपल्या अहवालातील कोडे आधी सोडवू. विद्राव्य फॉस्फेट म्हणजे पाण्यात मोकळे असलेले, कोणीही अजून उचललेले नसलेले स्फुरद (फॉस्फरस). पाणी हिरवे झालेले असताना नमुना घेतला तर ते स्फुरद शेवाळाच्या पेशींत गेलेले असते, आणि या तपासणीपूर्वी नमुना गाळून घेतात, त्यामुळे त्या पेशी गाळणीवरच राहतात. मायक्रोसिस्टिस तर गरजेपेक्षा अधिक स्फुरद पेशीत साठवून ठेवतो. म्हणून गर्द हिरव्या पाण्यात विद्राव्य फॉस्फेट नगण्य निघणे हे नेहमीचेच आहे आणि त्यावरून तलावात स्फुरद नाही असा अर्थ काढता येत नाही. मोजायला हवे ते एकूण स्फुरद. त्यासाठी न गाळलेले पाणी आम्लात शिजवून, पेशींतील आणि मातीच्या कणांतील स्फुरद मोकळे करून मोजतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ साली दिलेल्या वर्गीकरणानुसार एकूण स्फुरदाची वार्षिक सरासरी लिटरला ३५ ते १०० मायक्रोग्रॅम असेल तर तलाव सुपोषित, म्हणजे पोषकद्रव्यांनी समृद्ध, आणि १०० च्या वर गेली तर अतिसुपोषित समजतात. ते वर्गीकरण प्रामुख्याने थंड हवेच्या तलावांवरून बांधलेले आहे, आपल्याकडे ते अंदाजापुरते वापरावे.

आता हे १०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे आपल्या तलावापुरते मांडून पाहू. पंचवीस एकर म्हणजे १० हेक्टर. सरासरी खोली एक मीटर धरली तर पाणी एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर. त्यात १०० मायक्रोग्रॅम आणायला एकंदर १० किलो स्फुरद पुरते. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेवर १८-४६ असे लिहिलेले असते, पण त्यातील ४६ हा आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा आहे. निव्वळ स्फुरद बॅगेला १० किलोच भरते. म्हणजे एका बॅगेतील स्फुरद पाण्यात पसरले तर अख्खा तलाव अतिसुपोषिताच्या उंबरठ्यावर येतो. शेतात दहा-पंधरा बांध्यांना पुरणार नाही एवढ्या खताची ही गोष्ट आहे, म्हणूनच या वादात दोन्ही पक्षांना आपण बरोबर आहोत असे वाटते.

पण ती बॅग येते कुठून? मालगुजारी तलावाचे लाभक्षेत्र पाळीच्या खाली असते. त्या बांध्यांना टाकलेले खत आपल्या तलावात चढून येऊ शकत नाही. ते जाते खालच्या गावाच्या तलावात, कारण हे तलाव साखळीने बांधलेले असतात आणि वरच्याचा निचरा खालच्याचा येवा होतो. तेव्हा आपण पाहायचे ते पाळीच्या वरच्या अंगाला काय आहे : तिथे जंगल आहे, की जंगल तोडून बांध्या काढल्या आहेत, की वरच्या गावाचे लाभक्षेत्र येऊन टेकले आहे. त्यातही, धानाला टाकलेल्या स्फुरदाचा मोठा भाग मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम पकडून ठेवतात, वाहून येतात ते साधारणपणे थोडेच टक्के, आणि तेही बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून. याउलट सांडपाण्याचा हिशेब करा. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अर्धा किलो स्फुरद बाहेर पडते, म्हणजे वीस माणसांमागे वर्षाला डीएपीची एक बॅग. गावाची नाली तलावात उतरत असेल, शौचालयांच्या टाक्यांचे पाणी तिला मिळत असेल आणि वर म्हशी दिवसभर पाण्यात बसत असतील, तर खताकडे बोट दाखवण्याआधी नालीकडे पाहावे असे माझे मत आहे.

मात्र माझ्या दृष्टीने या तलावाचा मुख्य पुरवठादार यांपैकी कोणीच नाही. तो तळाचा गाळ आहे. पावसाळ्यात येव्यासोबत आलेले स्फुरद मातीच्या कणांवर स्वार होऊन तळाशी बसते आणि वर्षानुवर्षे साचते. गोड्या पाण्याच्या तलावांत गाळाच्या कोरड्या वजनाच्या हजार भागांत अर्धा ते एक भाग स्फुरद असणे सर्वसाधारण आहे. १० हेक्टरांवरचा केवळ दहा सेंटिमीटरचा थर धरला तरी तो दहा हजार घनमीटर होतो. घनमीटरला कोरडा गाळ एक टन धरल्यास त्यात पाच ते दहा टन स्फुरद निघते, म्हणजे पाचशे ते हजार बॅगा. यातील बराचसा भाग घट्ट बांधलेला असतो आणि कधीच सुटत नाही. पण पाणी बिघडवायला एक बॅग पुरत असेल तर हजारातला एखाद-दुसरा भाग सुटणेही भरपूर झाले.

तो सुटतो कसा? गाळात स्फुरद लोहाच्या गंजाला बिलगून असते. तळाशी प्राणवायू आहे तोवर ही बांधणी टिकते. प्राणवायू संपला की लोह विरघळते आणि स्फुरद पाण्यात मोकळे होते. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ साली इंग्लंडमधील सरोवरांवर केलेल्या कामातून ही गोष्ट स्पष्ट झाली. खोल सरोवरांत हे स्फुरद तळाच्या थंड थरात अडकून पडते आणि ऋतू पालटल्यावरच वर येते. आपल्या तलावात तळ आणि पृष्ठभाग यांत मार्चमध्ये मीटरभराचेही अंतर नसते. रात्री गाळालगत प्राणवायू संपतो, स्फुरद सुटते, पहाटेच्या वाऱ्याने पाणी ढवळले जाते आणि ते थेट उन्हात वाढणाऱ्या पेशींच्या हाती पडते. भरीला दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या वर गेला की गंजाची पकड आणखी सैल होते. म्हणजे शेवाळ स्वतःचा पुरवठा स्वतःच वाढवते.

पावसाळ्यात हे का दिसत नाही, याचे उत्तर पोषकद्रव्यांत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ती भरपूर असतात, पण पाणी गढूळ असल्याने प्रकाश वीतभरही खाली जात नाही, आणि सांडवा वाहत असल्याने जे काही वाढते ते वाहून जाते. सांडवा थांबतो, गढूळपणा खाली बसतो, प्रकाश आत शिरतो आणि मग डिसेंबर-जानेवारीपासून वाढीला मोकळे रान मिळते. त्यानंतर बाष्पीभवन सुरू होते. विदर्भात भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते आणि विरघळलेले सारे मागे राहते. नहराने पाणी सोडले तर त्यासोबत पोषकद्रव्येही जातात, वाफ होऊन गेले तर जात नाहीत. एकाच पातळीपर्यंत उतरलेल्या दोन तलावांत हा फरक मोठा पडू शकतो.

नत्राविषयी थोडेच लिहितो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाचे सरोवर डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली मधोमध पडदा टाकून दुभागले. एका बाजूला कर्ब आणि नत्र, दुसऱ्या बाजूला तेच अधिक स्फुरद. हिरवी झाली ती केवळ दुसरी बाजू. २२७ क्रमांकाच्या सरोवरात १९९० पासून नत्र देणे पूर्ण बंद करून फक्त स्फुरद दिले, तरी तिथे शेवाळ येतच राहिले, कारण ॲनाबिनाच्या कुळातील नीलहरित शेवाळे हवेतील नत्र स्थिर करतात. मायक्रोसिस्टिसला मात्र ते जमत नाही, त्याला तयार नत्र लागते. उष्ण आणि उथळ तलावांत गाळातील जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करून ते हवेत घालवतात, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस नत्राचाही तुटवडा पडतो. तुमच्याकडे तरीही मायक्रोसिस्टिस टिकून आहे, यावरून मला नाली आणि गुरांकडून नत्र सतत येत असल्याचा संशय येतो. स्फुरद रोखले की पुरे, हे शीत प्रदेशातील सूत्र इथे जसेच्या तसे लावू नये.


जुने जाळे :

वरील रसायनशास्त्र बरोबर आहे, तथापि गाळ तर पूर्वीही होता, गुरे पूर्वीही पाण्यात बसत आणि तरी तलाव हिरवा होत नसे. बदलली ती वनस्पती. प्रश्नकर्त्याने ही गोष्ट सहज जाता जाता सांगितली, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

उथळ तलाव दोनच अवस्थांत स्थिर राहतो : एकतर पाणवनस्पतींनी भरलेला आणि पाणी निवळ, नाहीतर वनस्पतींवाचून आणि पाणी हिरवे किंवा गढूळ. नेदरलंड्समधील मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे रीतसर मांडले, आमच्याकडचे ढीवर (मासेमारी करणारे लोक) ते तलाव पाहून सांगत आले आहेत. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कमळ, शिंगाडा यांची मुळे गाळ बांधून ठेवतात, त्यांची पाने पाण्यातील पोषकद्रव्ये उचलतात आणि त्या जाळीत शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी लपून राहतात. तेवढेच स्फुरद असलेला तलाव त्यामुळे निवळ राहू शकतो. वनस्पती गेल्या की तेच स्फुरद शेवाळाच्या वाट्याला येते, पाणी हिरवे झाल्याने तळाशी प्रकाश पोहोचत नाही आणि नव्या वनस्पतींचे अंकुर वर येत नाहीत. मग नुसते खत थांबवून तलाव मागे फिरत नाही.

गवत्या मासा नेमके हेच करतो. तो मऊ पाणगवत आधी फस्त करतो, खाल्लेल्यापैकी बराच भाग अर्धवट पचवूनच टाकतो, आणि वनस्पतीत वर्षभर अडकून राहिले असते ते पोषकद्रव्य काही तासांत पाण्यात परत येते. सोबत सायप्रिनस (कॉमन कार्प) असेल तर तो तळ उकरून गाळ ढवळत राहतो. हिरव्या पाण्यावर इलाज म्हणून चंदेरा मासा (सिल्व्हर कार्प) सोडण्याचा सल्ला कुणी देईल. तो शेवाळ गाळून खातो हे खरे, पण मायक्रोसिस्टिसच्या श्लेष्मल गुठळ्या त्याच्या आतड्यातून बऱ्याचदा जिवंतच बाहेर पडतात. त्यावर भिस्त ठेवू नये.

आटणाऱ्या तलावाचा एक मोठा फायदा इथे आहे. गवत्याला अंडी घालायला वाहते पाणी लागते, तलावात त्याची पैदास होत नाही. मे महिन्यात डबक्यातील मासळी संपूर्ण काढली आणि पुढच्या पावसाळ्यात गवत्याची बोटुकली सोडली नाहीत, की तो विषय संपतो. बारमाही तलावात हे इतके सोपे नसते. ठेका देतानाच कोणती जात सोडायची नाही हे करारात लिहून घ्यावे. कटला, रोहू, मृगळ यांवर भागते. बेशरम मात्र फुले येण्याआधी मुळासकट उपटून पाळीपासून दूर वाळवावी. तोडून तिथेच टाकली तर तिचे तुकडे पुन्हा रुजतात. भंडारा-गोंदिया भागात ढीवर समाजातील संस्था आणि महिलांच्या गटांनी बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम काही तलावांत केलेले आहे. ज्या तलावात हायड्रिला आणि कमळ अजून आहे तिथून कंद आणि रोपे आणून पहिल्या पावसानंतर, पाणी घोट्याएवढे असताना लावावीत.

मासळी पहाटे का मरते तेही सांगतो. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करते, रात्री तेच तो खाते. आभाळ भरलेले असेल तर दिवसाची कमाई कमी होते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो आणि सूर्योदयापूर्वीच्या तासात पाण्यात काही उरत नाही. शिवाय दुपारी सामू नऊवर गेला तर ३० अंश तापमानाच्या पाण्यातील अमोनियाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग विषारी रूपात असतो. सामू आठ असताना तो दहा टक्क्यांच्याही आत असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड वासू लागले की पंप लावून तेच पाणी उंचावरून तलावात पाडावे, आणि फेब्रुवारीनंतर तलावात शेण किंवा सुपर फॉस्फेट टाकणे पूर्ण बंद करावे. ठेकेदार सवयीने टाकत राहतात.


तलावकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. वरच्या अंगाला जंगल आहे, पण गावाची मुख्य नाली तलावातच उतरते, आणि पाणी मागे हटले की मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीवर काही जण भाजीपाला घेतात, त्याला खतही देतात. आता मोरचूद टाकावा का, आणि उन्हाळ्यात गाळ काढला तर किती काढावा, एवढे सांगावे. एका शेजाऱ्याचे म्हणणे असेही आहे की तलाव पूर्ण कोरडा पडू दिला की तळ तापून सगळे आपोआप शुद्ध होते.


जलरसायन :

मोरचूद टाकू नये. त्याने शेवाळ मरते, पण मरताना पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात मिसळते. कुजण्यात उरलासुरला प्राणवायू जातो, स्फुरद होते तिथेच राहते आणि काही आठवड्यांत नवा थर येतो. तांबे मात्र गाळात कायमचे साचते, आणि तो गाळ पुढे शेतात जाणार आहे.

गुरांबाबत स्पष्टच सांगतो : थर दिसत असेल तोवर हे पाणी पाजू नये. मायक्रोसिस्टिसचे मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर आघात करते आणि पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. माणसांच्या पिण्याच्या पाण्यात त्याच्या प्रमुख प्रकाराची दीर्घकालीन मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला एक मायक्रोग्रॅम ठेवली आहे. नीलहरित शेवाळाने गुरे दगावल्याची शास्त्रीय नोंद ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावरून १८७८ सालीच झालेली आहे. वाऱ्याने थर ज्या काठाला जमतो तिथे विषाचे प्रमाण मधल्या पाण्याच्या कित्येक पट असते, आणि गुरे पाणी पितात ती काठावरच.

तळ तापण्याविषयी आपल्या शेजाऱ्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. गाळ वाळून भेगा पडल्या की हवा आत जाते, लोहाचा गंज पुन्हा तयार होतो, सेंद्रिय पदार्थ जळून जातात आणि गाळ घट्ट होतो. परंतु उन्हाने वाळलेल्या मातीतील जिवाणू मरतात आणि पहिल्या पावसात त्यांच्या पेशींतील नत्र आणि स्फुरद एकदम मोकळे होते. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मातीवर १९५८ साली कोरडी माती भिजल्यावर येणारी ही लाट दाखवून दिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जूनमध्ये तलावात जे पहिले गढूळ पाणी साचते त्यात ही लाट असते. पाऊस चांगला झाला तर ती पातळ होऊन सांडव्यावरून निघून जाते. सांडवा वाहिलाच नाही अशा वर्षी ती तलावातच राहते आणि पुढचा उन्हाळा अधिक हिरवा जातो. म्हणून कोरडे पडणे उपयोगाचे आहे ते त्या काळात गाळ बाहेर जात असेल तर.

उन्हाळ्यात आटलेल्या तलावातील गाळ काढून शेतात नेण्याची जुनी रीत याच हिशेबाची होती. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हेच काम यंत्राने होते. मागे सांगितलेल्या प्रमाणाने दहा ते वीस टन कोरड्या गाळातून एका डीएपी बॅगेइतके स्फुरद बाहेर जाते. तुलनेसाठी, टनभर मासळी विकली तर चार-पाच किलो, म्हणजे अर्धी बॅग. संपूर्ण तळ खरवडण्याची गरज नाही आणि तसे करूही नये. नाली जिथे उतरते तो कोपरा आणि मे महिन्यात डबके उरते तो खोलगट भाग, इथला काळा मऊ थर आधी काढावा. खालची घट्ट चिकण माती किंवा मुरूम लागला की थांबावे, कारण तो थर फोडला तर तलाव पाझरू लागतो. वरच्या अंगाचे काही पट्टे तसेच ठेवावेत, वनस्पतींचे कंद आणि बी तिथेच असते. काढलेला गाळ पाळीखालच्या बांध्यांत न्यावा; वरच्या उतारावर ढीग घातला तर जुलैमध्ये तो परत येतो. गाळपेर भाजीपाल्याला रासायनिक खत देण्याची गरज मुळातच नसते, तो गाळच खत आहे, आणि तिथे टाकलेले स्फुरद थेट तलावाच्या तळाला टाकल्यासारखे आहे. ग्रामसभेत एवढी एक अट घालता आली तर खर्च शून्य आहे.

नालीचे पाणी तलावात येण्याआधी शोषखड्ड्यांत किंवा पाणकणीस लावलेल्या एखाद्या लहान बोडीत (तळ्यात) अडवावे. तो पाणकणीस दरवर्षी कापून बाहेर काढला तरच त्याचा उपयोग, नाहीतर कुजून सगळे परत पाण्यात येते.

पुढच्या तपासणीसाठी नमुने नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशा तीन वेळा घ्यावेत आणि ‘एकूण स्फुरद’ व ‘एकूण नत्र’ असे लेखी मागावे. बाटली कपड्याच्या साबणाने किंवा पावडरीने धुऊ नये, त्यातही फॉस्फेट असू शकते. नमुन्याच्या पाण्यानेच दोन-तीनदा विसळावी. नमुना थराचा न घेता तलावाच्या मध्यावरून, हातभर खोलीवरून घ्यावा आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. त्याच वेळी वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवावी. वीस सेंटिमीटरच्या आत चकती दिसेनाशी झाली तर त्या आठवड्यात पहाटेच्या मासळीवर लक्ष ठेवावे.